टिटवीचा नाच

कॅमेऱ्यांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. सफारीच्या जीपमध्ये एक नवखा कॅमेरा एका नामवंत उस्ताद कॅमेऱ्याकडून जंगलाची गोष्ट सांगायला शिकत होता.

वाटेवरच्या खड्यांत टिटवीची अंडी होती. जीप तिकडे येऊ नये म्हणून टिटवी पंख मोडल्याचं सोंग घेऊन दूर लोळू लागली.

"काय नाचतेय बघ, पोरा!" उस्ताद म्हणाला. "जीप अजून पुढे जाऊ दे."

"उस्ताद, ती ओरडतेय हो."

"ओरडू दे. वर गाणं टाकू."

जीप पुढे सरकली. टिटवी लोळायची थांबली आणि चाकापाशी येऊन गप्प उभी राहिली. नवख्याने भिंग खाली वळवलं. अंडी फुटली होती.

"हे दाखवू?"

"वेडा आहेस? लोकांना नाच हवाय."

नवख्याने भिंग वर केलं. संध्याकाळी सगळे म्हणाले, "पोरगा तयार झाला!"