तिळू मुंगीची सांज सरेना

एक होती मुंगी. नाव तिचं तिळू. ती इतकी लहान, इतकी लहान, की तिची सावली तिलाच सापडायची नाही.

मुंग्या चालतात रांगेत. तिळूही चालायची, सगळ्यांच्या मागे. एकदा रांग निघाली द्वारकामावशीच्या अंगणातून. तिथे कुंडीत होती स्वीट पीची वेल. दिसायला वाटाण्यासारखी. पण ह्या वाटाण्याची उसळ करायची नाही हं. हा नुसता वास घ्यायचा वाटाणा.

तिळू वास घेत थांबली. मान वर करून बघते, तर रांग गेलेली.

मग तिळू कुंडीखालीच राहिली. एकटी. दिवस कामात जायचा. संध्याकाळी मात्र सुनं सुनं वाटायचं. तेवढ्यात वरून वास यायचा. कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटायचं.

आणि एका संध्याकाळी वास आलाच नाही.

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली वेलीकडे.

"वेलीबाई, वेलीबाई, वास दे.
माझी सांज सरेना."

वेल म्हणाली, "कुठून देऊ गं? मावशीने फुलं तोडलीच नाहीत. म्हणे, वेलीवरच शोभतात. फुलांच्या झाल्या शेंगा. आता शेंगा पोसू की फुलं फुलवू? कात्री शेंगा कापेल, तर मी वास देईन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कात्री होती खिळ्याला.

"कात्रीबाई, कात्रीबाई, शेंगा काप.
वेल वास देईना,
माझी सांज सरेना."

कात्री म्हणाली, "मला पाती दोन, पण हात कुठाय? मावशी उठेल, तर मी शेंगा कापेन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मावशी होती खुर्चीत. भिंतीकडे बघत बसलेली.

"मावशी, मावशी, ऊठ ना.
कात्री शेंगा कापेना,
वेल वास देईना,
माझी सांज सरेना."

मावशी म्हणाली, "उठून करू काय बाई? लेक गेली लांबच्या गावी. चहा करते एक कप, पिते एक कप. माझ्या दाराला कोण येतंय? कडी वाजेल, तर मी उठेन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चढली दारावर.

"कडीबाई, कडीबाई, वाज ना.
मावशी काही उठेना,
कात्री शेंगा कापेना,
वेल वास देईना,
माझी सांज सरेना."

कडी म्हणाली, "माझी मी कशी वाजू? वाजायचं कसं तेच विसरले. वारा हलवेल, तर मी वाजेन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वारा होता पाण्याच्या टाकीमागे. तोंड फिरवून पडलेला.

"वारेराव, वारेराव, कडी हलवा.
कडी काही वाजेना,
मावशी काही उठेना,
कात्री शेंगा कापेना,
वेल वास देईना,
माझी सांज सरेना."

वारा म्हणाला, "मी नाही येत जा. मी आलो की लोक खिडक्या लावतात. आला मेला धूळ घेऊन, म्हणतात. मला कुणी 'ये' म्हणेल, तर मी उठेन."

आता कुणाकडे जायचं? तिळूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. होती ती एकटी तिळू.

तिळू म्हणाली, "ये."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

तिळूने सगळा श्वास गोळा केला. तो होता मोहरीएवढा.

"ये रे वाऱ्या, ये."

वारा उठला. सूं सूं सूं.
कडी वाजली. खट खट खट.
मावशी उठली. सपक सपक सपक, चपला वाजवत.

"कोण आहे?" मावशीने दार उघडलं. दारात कुणी नव्हतं. नुसता वारा. मावशी तिथेच उभी राहिली जरा वेळ. मग तिला दिसली वेल.

"अगं बाई, किती वाकलीस तू," मावशी म्हणाली. तिने कात्री काढली.

कात्रीने शेंगा कापल्या. कचक कचक कचक.

वेल हलकी झाली. एक दिवस गेला, काही नाही. दोन दिवस गेले, काही नाही. आठ दिवस गेले आणि एक कळी उमलली. जांभळी. मग एक गुलाबी. मग किती, ते मला मोजता येईना.

मावशीने एक फूल तोडलं, शेजारी दिलं. एक तोडलं, समोर दिलं. तोडावं तेवढी वेल फुलावी.

संध्याकाळी मावशी पायरीवर येऊन बसली. वरून वास आला. हळूच, कुंडीखाली. तिळू बाहेर आली. एक पायरीवर, एक पायरीखाली. दोघी वास घेत बसल्या.

आणि सांज सरली.

गोष्ट मुंगीएवढी,
झोप येवो हत्तीएवढी.