पुट्टीवर विसंबलेली मोटार

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं घरात ठरलंय. म्हणून हळूच सांगते.

फार वर्षांपूर्वी, अवजारं बोलायची तेव्हा, भास्करअण्णांच्या अंगणात एक जुनी मोटार होती. गंजानं तिच्या दारांना आणि तळाला भोकं पडली होती. दसऱ्याच्या पूजेआधी अण्णांनी ती घरीच दुरुस्त करायला काढली.

तारेचा ब्रश म्हणाला, "मावशी, गंज मुळापासून खरवडू दे. भोकं मोठी दिसतील, पण नवा पत्रा तरी बसेल."

"आणि पूजेला भोकं मिरवत उभी राहू? मेल्या, तुला काय कळतं रूपातलं!"

"ताईसाहेब, मी आहे ना," पुट्टीचा डबा म्हणाला. "भोकं बुजवतो, वरून लाल रंग. दृष्ट लागेल लोकांची!"

अण्णांनाही पटलं. गंज मोठा समजूतदार. वरून रंग दिला की आपणहून निघून जातो.

दसऱ्याला मोटार नवरीसारखी नटली. शेजाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. अण्णा ऐटीत आत बसले आणि तळ फोडून थेट फरशीवर पोचले.

"रंगाचा मात्र टवका उडाला नाही हं!" पुट्टीनं अभिमानानं सांगितलं.

मोटारीनं ब्रशाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाळा, आता तरी खरव—"

थांबा, आतून अण्णांची हाक आली. आले, अण्णा, आले!