पानामागचं पिवळं अंडं

लोक पायऱ्या उतरून विहिरीचं पाणी भरत, त्या काळातली ही गोष्ट. विहिरीच्या काठावर एक कढीलिंब होता. अळीने कुरतडलेला पाला फोडणीला कुणी नेत नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून काळं-पिवळं फुलपाखरू अंडी घालायला आलं, की तो अंग झाडून त्याला हाकलून देई.

हिवाळा आला. पानन् पान धड होतं. बायका येत, डहाळ्या ओरबाडत आणि मागे न बघता निघून जात. भिरभिरत जवळ येणारं कुणी उरलं नव्हतं. कढीलिंब आता अंग झाडत नसे, नुसती वाट बघे.

पानांच्या मागचं त्याला स्वतःला दिसत नसे. शेवटी पाल्यावरची मावा कीड टिपायला येणाऱ्या चष्मेवालीला, त्या चिमुकल्या पाखराला, त्याने विचारलं, "ताई, कुणी एखादं अंडं ठेवून गेलंय का, बघतेस?"

चष्मेवालीने उलटं लटकून डहाळी न् डहाळी धुंडाळली. "काय स्वच्छ पाला आहे रे तुझा. एका पानाला भोक नाही."

हे ऐकायला तो किती आसुसला होता. आज त्याला ते ऐकवेना.

सगळ्यात खालच्या फांदीशी ती थबकली. "एक आहे. खसखशीएवढं, पिवळं. पण मला भूक लागलीय."

"शेंड्यावरचा सगळा मावा तुझा. तेवढं राहू दे."

"अरे, त्यातून अळीच निघेल. कोवळं पान मागेल."

कढीलिंबाने शेंडा तिच्यापुढे वाकवला.

आठवड्याने चष्मेवाली परत आली. थंडीने सगळी झाडं पालवी आवरून बसली होती. कढीलिंबाच्या त्या खालच्या फांदीला मात्र दोन कोवळी पानं फुटली होती, आणि त्यातल्या एकाला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं.