महाराजांच्या उशाशी ठेवलेला फोन

तुळसा कासारणीने कोणाचेही गुपित फोडले नव्हते. तिने फक्त सराफांच्या सुनेच्या हातांत बांगड्या भरल्या होत्या. बांगडी चढवताना सून कुजबुजली होती, "मावशी, दोन महिने झालेत. तिसरा सरेपर्यंत सासूबाईंनाही सांगायचे नाही, असे आईने बजावले आहे." तुळसाने मान डोलावली. विषय तिथेच संपला.

निदान तिला तसे वाटले. कारण त्याच खोलीच्या कोनाड्यात, राजा दर्पसेनाने घरोघरी फुकट वाटलेला स्मार्टफोन बसला होता. तो बंद करायचा नाही, झाकायचा नाही आणि उठण्याबसण्याच्या खोलीतून हलवायचा नाही, असा राजाचा हुकूम होता. केवढे हे औदार्य! दुसऱ्या दिवशी सासूबाई देवपूजेला बसल्या असताना फोन मंजुळ स्वरात म्हणाला, "आजी होणार? अभिनंदन! सागवानी पाळणा आजच मागवा!"

फोन पडला सरकारी. त्याच्यावर संशय कोण घेणार? "कासारणीनेच फोडले!" असा बोभाटा झाला आणि आठवड्याभरात अख्ख्या सराफआळीची दारे तुळसाच्या तोंडावर बंद झाली. घराघरांतल्या बायकांचा हात हातात घेऊन तीस वर्षे बसलेली बाई ती! एका घरातले बोलणे तिने दुसऱ्या घराच्या उंबऱ्याशी कधी नेले नव्हते. आता तिला कोणी पाणीसुद्धा विचारेना.

तिने टोपली डोक्यावर घेतली आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, गुपित फोनने फोडले, माझ्या तोंडाने नव्हे. तशी दवंडी पिटवा."

"फोनने काय वाईट केले?" राजाने आश्चर्याने विचारले. "पाळणा हवा हे त्याला कळले, त्याने पाळणा दाखवला. आमची आई तरी आमची एवढी काळजी घेत होती का?"

फोन राज्यात आणणारे दिवाण भास्करपंत लगबगीने म्हणाले, "आणि ज्याने गुन्हा केलेला नाही, त्याने लपवायचे कशाला?"

हे वाक्य राजाला इतके आवडत असे की, ते ऐकताना तो डोळे मिटून घेई.

"पोटातले बाळ हा गुन्हा आहे का, महाराज?" तुळसाने विचारले.

राजाने डोळे उघडले. "जीभ फार चालते तुझी! ऐक. निरपराध असूनही ज्याला काही लपवायचे आहे, असा एक माणूस आठ दिवसांत या दरबारात उभा कर. ते त्याने स्वतः कबूल केले पाहिजे. त्याचे गुपित मात्र तुझ्या तोंडून बाहेर पडता कामा नये. पडले, तर तू गुपिते फोडतेस हे सिद्धच झाले! आणि सराफांची सून चालणार नाही. तिचे आता गावभर झाले आहे. नाही जमले, तर टोपली जप्त आणि तू राज्याबाहेर!"

दरबारी मनापासून हसले. ते नेहमीच मनापासून हसत.

"मान्य," तुळसा म्हणाली. "एक शंका आहे, महाराज. हुकूम प्रत्येक घराला आहे. राजवाडा हे घर आहे की नाही?"

भास्करपंतांना ठसका लागला. "राजवाड्याला सूट आहे!"

"अगबाई! का बरे? तिथे लपवण्यासारखे काही आहे?"

राजा ताडकन उठला. "आमच्या शयनगृहात? काही नाही! पंत, आजच आमच्या उशाशी फोन ठेवा!"

"पण महाराज—"

"ठेवा म्हटले ना!"

तुळसा घरी परतली आणि निवांत बांगड्यांचे माप लावत बसली. चौथ्या दिवशी शेजारीण कळवळून म्हणाली, "अगं तुळसे, माणूस शोध की!"

"शोध चालू आहे."

"कोण शोधतंय?"

"फोन!"

मुदत संपताच दरबार भरला. राणीसाहेबही आल्या.

"कुठे आहे तुझा माणूस?" राजा गरजला.

"इतक्यात सापडेल, महाराज. तोवर आठ दिवसांत आपल्या फोनवर आलेल्या जाहिराती आपणच मोठ्याने वाचा. मी त्या पाहिलेल्या नाहीत आणि पाहणारही नाही."

"हात्तिच्या! ऐका. 'सिंहासनासाठी मखमली गादी.' उत्तम! 'पाल दिसताच पलंगावर उभे राहून किंचाळता? आता...'"

राजाचा आवाज बारीक झाला. सेनापती एकदम छत न्याहाळू लागले. बहुधा पाल शोधत असावेत. राणीसाहेबांनी पदर तोंडाशी नेला. तिसरी जाहिरात राजाने मनातल्या मनात वाचली, तेव्हा त्याचे कान लाल झाले. चौथी वाचून त्याने फोन शेल्यात गुंडाळला आणि तो त्याच्यावर चक्क बसला.

"पुढचे वाचा ना, महाराज."

"नाही!"

"का? काही गुन्हा घडला आहे का?"

"गुन्हा? आमच्या हातून? तोंड सांभाळ!"

"मग लपवता कशाला?"

"कारण ते आमचे आहे! आमच्या खोलीतले आहे! जगाला त्याच्याशी काय करायचे आहे?"

तुळसाने हात जोडले. "माणूस सापडला, महाराज! निरपराध आहे, लपवतो आहे आणि भर दरबारात त्याने तसे कबूलही केले आहे. पालीचे तेवढे तो स्वतःच बोलला. बाकीचे गुपित मला या क्षणीही ठाऊक नाही!"

मग राणीसाहेब खळखळून हसल्या आणि त्यांच्यापाठोपाठ राजाही पोट धरून हसू लागला. इतक्यात त्याच्या बुडाखालून मंजुळ आवाज आला, "आपण आज आनंदात दिसता! ताजे पेढे मागवायचे का?"

"बंद करा त्याला!" राजा ओरडला.

मग सर्व राज्यासाठी नवा हुकूम निघाला: ज्याचे घर त्याची मर्जी, फोन चालू ठेवावा, झाकावा, नाहीतर गोठ्यात टांगावा. तुळसाला सोन्याचे कडे मिळाले. तिने गुपित फोडले नाही, ही दवंडी स्वतः दिवाणांनी आळीआळीत पिटावी, असेही ठरले. राणीसाहेबांनी सर्वांत आधी संमती दिली, मग सेनापतींनी. भास्करपंत तेवढे घुटमळले, पण "पंत, हा फोन आता तुमच्या उशाशी ठेवू या का?" असे महाराजांनी प्रेमाने विचारताच त्यांनीही तत्काळ होकार दिला.