पाथरवळीचा सैल

पाथरवळीच्या दोन वाड्या आहेत, वरवाडी आणि खालवाडी. दोहोंच्या मध्ये शंभर हात रुंदीचा एक माळ मोकळा पडलेला आहे. जमीन काळी, कसदार. पण तिथे कुणी नांगर घालत नाही की साधी कुडाची भिंत उभारत नाही. माळाच्या दोन्ही कडांना कमरेएवढ्या दगडांच्या ओळी आहेत. वरच्या ओळीतल्या दगडांवर सूर्य कोरलेला आहे, खालच्या ओळीतल्या दगडांवर मासा. या माळाला गावकरी सैल म्हणतात. एवढी चांगली जमीन पडीक का, असे पाहुणा हमखास विचारतो, आणि मग कुणीतरी जाणते माणूस बैठक मारून सांगू लागते.

पूर्वी हा सगळा मुलूख एका राजाचा होता म्हणे. त्याच्यामागे दोन मुलगे हमरीतुमरीवर आले आणि देश मधोमध कापायचा ठरला. बोली तीच, देव तेच, भाकरीही त्याच पिठाची. तरी एका सकाळी अर्ध्यांना कळवण्यात आले की तुम्ही सूर्याची रयत, आणि उरलेल्यांना की तुम्ही माशाची. अशा गोष्टी माणसांच्या फार लवकर अंगवळणी पडतात. वर्ष उलटायच्या आत वरवाडीची पोरे खालवाडीच्या पोरांना परदेशी म्हणून खडे मारू लागली होती.

चैत्रात दोन्हीकडच्या मोजणीदारांनी मिळून वरच्या गढीपासून खालच्या बारवेपर्यंतचे अंतर एका दोराने मोजले. दोनशे दोर भरले. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला शंभर. मधल्या रेषेवर दगड रोवायचा मुहूर्त मात्र ज्योतिषांनी श्रावणातला काढला. दवंडी फिरली की दगड बसल्यावर परक्या हद्दीत कुणी पाऊल टाकायचे नाही, आणि मूल ज्या हद्दीत जन्मेल त्याच राज्याची ते रयत, त्याने तिथेच राहायचे.

हा दोर वळला होता वरवाडीच्या म्हसूने. अंबाडीचा, वीस हातांचा. म्हसूच्या दोराने बांधलेले जनावर कधी सुटले नव्हते. सात गावांत त्याच्या हाताला नाव होते आणि त्या नावाचा त्याला तोराही होता. त्याची एकुलती लेक ठकू खालवाडीत दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, भाद्रपदात ती मोकळी होणार होती. पहिले बाळंतपण माहेरी, ही इकडची रीत.

“हिकडं आणली तर पोर सूर्याचं ठरंल,” म्हसू बायकोला म्हणाला. “मग बापाच्या घरी न्हेऊ द्यायचे न्हाईत.”

“आन न्हाई आणली तर?” धुरपा म्हणाली. “माझी थोरली भन अशीच गेली, आई जवळ न्हवती म्हून. ठकूला मी एकली सोडायची न्हाई. तुमी काय बी करा.”

काय बी करा म्हणणे सोपे होते. म्हसूला दरबारात कोण विचारतो? त्याला कळत होते ते एवढेच, अंबाडी कशी वागते.

पावसाळी मोजणीला दोर न्यायचा तर त्याला आधी मेण चोळून घेतात. त्या श्रावणातल्या सकाळी म्हसूने मेणाला हातही लावला नाही. उलट दोर ओढ्यात नेऊन दगडाखाली दाबून ठेवला, पार गाभ्यापर्यंत भिजेतोवर.

“ओला का रे?” सूर्याच्या मोजणीदाराने विचारले.

“अंबाडी भिजली की पीळ घट बसतो, सरकार.”

हे खरेच होते. पीळ घट्ट बसला की दोर आखडतो, हेही तितकेच खरे. पण ते सरकारांनी विचारले नाही.

गढीपासून शंभर दोर मोजून सूर्याचे दगड रोवले गेले. म्हसूने दोर पुन्हा बुचकळला. मग बारवेपासून शंभर दोर मोजून माशाचे दगड बसले. दोन्ही मोजणीदारांनी माना वर केल्या तेव्हा मध्ये शंभर हात जमीन कुणाचीच नव्हती. आधी ते एकमेकांवर धावून गेले. पण कमी घेऊन फसवणारा चोर कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून शेवटी दोघांनी मिळून म्हसूला धरले.

दोर उन्हात वाळवा, सगळे जागेवर येईल, एवढे म्हसूने म्हटले असते तर त्याचे नाव राहिले असते. तो खाली मान घालून म्हणाला, “चूक माजी हाय, सरकार. हात चुकला.”

बारा फटके बसले. फेरमोजणी मात्र झाली नाही, कारण काम फत्ते झाल्याचा सांगावा घेऊन दोन्हीकडचे स्वार केव्हाच निघून गेले होते, आणि आपापल्या राजापुढे नाक कापून घ्यायला कुणीच तयार नव्हता.

त्यानंतर म्हसूचा दोर कुणी घेतला नाही. वीस वर्षे ज्यांचे बैल त्याच्या दाव्याला होते, तेही बाजाराची वाट धरू लागले. म्हसू लोकांचे गवत कापून जगला. त्याला फार लागले ते. फटक्यांपेक्षा जास्त लागले. ठकूने खरे काय ते सांगितले, पण बाप गेल्यावर. तोवर त्यानेच तिला शपथ घातली होती.

भाद्रपदात धुरपा सूर्याचा दगड ओलांडून खाली आली, ठकू माशाचा दगड ओलांडून वर आली. परक्या हद्दीत दोघींपैकी एकीनेही पाऊल टाकले नाही. पहारेकरी दोन्हीकडून नुसते बघत राहिले. चार बांबूंवर घोंगडी टाकून केलेल्या आडोशात, भर दुपारी, ठकूला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. रडणे ऐकू येताच दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी ओरडून विचारले, पोर कुणीकडचे? त्यांना दप्तरात लिहायचे होते. ठकूने काय ते उत्तर दिले. दप्तरे कोरीच राहिली असे सांगतात.

पुढे दोन्ही राज्ये गेली. आजही बाराव्या दिवशी बाळाला सैलात आणून उघड्या जमिनीवर निजवतात. मग एक म्हातारी सूर्याच्या दगडाशी उभी राहते, दुसरी माशाच्या, आणि दोघी एकदम विचारतात, “पोर कुणीकडचं गं?”

आणि बाळंतीण दोन्ही वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, “माज्याकडचं!”

तेव्हा कुठे त्या दोघी दगड ओलांडून आत येतात.