दिल्ली कोणत्या बाजूला?

"म्हणजे आता शाळा आपली झाली ना, भंतेजी?"

हेमराज कापगतेने मोटारसायकल बंदही केली नव्हती.

दिवस साधाच होता. बुधवार. भंते उपसेन तलावाच्या काठावर विहारातली सतरंजी धूत होते आणि मी दगडावर बसून साबणाची वडी सांभाळत होतो. त्या वर्षी मी विहारातच राहत होतो. घरी आता कुणी नव्हतं.

"गाडी बंद कर आधी," भंते म्हणाले.

हेमराज मोहझरीच्या पाटलाघरचा. भंडाऱ्याला वकिली करायचा. दर रविवारी विहारात ध्यानाला बसायचा आणि उठल्याबरोबर आपलं ध्यान किती खोल लागलं ते सांगायचा. भंते ऐकून घ्यायचे.

"आदेश आला जी! आत्ता, पंचायतीत. शाळा दिल्लीच्या नव्या योजनेत द्यायची की ग्रामसभेनं स्वतः चालवायची, हे गावानंच ठरवायचं. गावानं! आज संध्याकाळी सभा आहे."

"बरं."

"बरं काय भंतेजी? किती वर्षं भांडलो यासाठी! तिकडं कोणीतरी ठरवायचं अन् इकडं आमी मान डोलवायची, हे संपलं. मास्तर आमी निवडू. वेळ आमी ठरवू. पुस्तकात आपला तलाव येईल, आपलं धान येईल, शिंगाडा येईल..."

"शिंगाडा येईल अन् मी जाईन," मागून आवाज आला.

मोहझरीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका करुणा रंगारी स्कूटी उभी करत होत्या. शाळा सुटल्याबरोबर त्या निघालेल्या दिसत होत्या. बोटांना खडू तसाच होता.

"वंदामि भंतेजी. अभिनंदन, वकीलसाहेब. माझी बदली कुठं करता? डोंगरात की जंगलात?"

"तुमाला कोण हात लावते, मॅडम! तुमी तं आमच्या गावच्या लेक."

"गावच्या? आमची वस्ती तुमी कधीपासून गावात धरायला लागले?"

हेमराज हसला. हसताना त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्ही हसतो का ते.

भंते हसले नाहीत. त्यांनी सतरंजीचं एक टोक हेमराजच्या हातात दिलं आणि दुसरं करुणाताईंच्या.

"आलाच आहात तर पिळा."

ओली सतरंजी जड असते. दोघांनी दम लावून पीळ घातला. पाण्याचा थेंब पडेना.

"दोघं एकाच बाजूला फिरवताय," भंते म्हणाले.

मग पाणी पडलं. दोघांच्याही पायांवर.

"तुमची दिल्ली काय करते, मी सांगतो," हेमराज पिळता पिळता म्हणाला. "मागच्या परीक्षेत तिकडून पेपर आला. मेट्रोच्या प्रवासावर दहा ओळी लिहा. आपल्या पोट्ट्यानं काय लिहिलं, सांगा भंतेजींना."

करुणाताईंना हसू आवरेना.

"मेट्रो आमच्या गावात आली नाही. दहाही ओळी हेच."

"अन् गुण?"

"शून्य."

"शून्य! खरं बोलला त्याला शून्य!" हेमराजने सतरंजीला असा हिसका दिला की करुणाताई दोन पावलं पुढे आल्या.

"हळू. आता गावाचं सांगू?" त्या म्हणाल्या. "खिचडी कोण शिजवायचं? आमच्या वस्तीतली शेवंताबाई. गावाच्या समितीनं तिला काढलं. काहून? तं तिच्या हातची खिचडी घशाखाली उतरत नाही म्हणून. पोरं घरून डबे आणायला लागली. तिला परत कोणी ठेवलं? वरून कागद आला, तवा ठेवलं. ज्यानं तो लिहिला, त्यानं मोहझरी नकाशातही पाहिली नसेल."

"ती समिती माझ्या बापाची होती, मॅडम. माझी नाही."

"अन् भंतेजी कुठं बसून शिकले? याच शाळेत. ओसरीवर, खिडकीबाहेर. तिथं त्यांना कोणी बसवलं होतं? दिल्लीनं?"

हेमराजने पीळ आणखी आवळला.

"अन् आत कोणी घेतलं? तालुक्याचा साहेब कायदा दाखवायला आला, तेव्हा घेतलं. नाहीतर गाव अजून विचार करत असतं."

"तेव्हाचं गाव वेगळं होतं जी..."

"गाव तेच आहे. माइक नवीन आहे."

खरंच, गावाकडून माइकचा आवाज यायला लागला होता. हॅलो, हॅलो. मग गाणं. मग पुन्हा हॅलो. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. तलावातले बगळे एकदम उठले आणि पलीकडच्या काठावर, ढिवरटोल्यापाशी, मासेमारांच्या वस्तीजवळ, जाऊन बसले. तिथे बांबूंवर जाळी वाळत होती.

हेमराजचे डोळे चमकले.

"ऐका, भंतेजी! शाळेसाठी फटाके. असं कधी पाहिलं होतं? पहिला ठराव तयार आहे. शाळा सकाळची. पोरांनी पहाटे उठावं, शिकावं, दुपारी शेतात बापाला हातभार लावावा."

"दिल्लीच्या योजनेत ते चालणार नाही," करुणाताई म्हणाल्या. "तिथं हजेरी मोबाइलवर. घंटा झाली की थोड्या वेळात बंद. मग आला तो गैरहजर. अन् मला ते पटते. आज मी माझ्या मर्जीनं एकाला सूट दिली, तर उद्या पाटलाच्या मर्जीनं दुसऱ्याला द्यावी लागते."

"ढिवरटोल्यातली पोरं सकाळी कुठं असतात?" भंतेंनी विचारलं.

"तलावावर," हेमराज म्हणाला. "बापासंगं जाळं ओढायला."

"किती वाजेपर्यंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"येतील जी," करुणाताई म्हणाल्या.

"सवय लागेल," हेमराज म्हणाला.

दोघं एकदमच बोलले होते.

भंतेंनी माझ्या हातातून साबणाची वडी घेतली आणि स्वतःचे हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत...

हेमराजला आता राहवेना.

"भंतेजी, मी स्पष्टच बोलतो. गावातली मतं आमच्याकडं आहेत. वस्ती मॅडमच्या मागं जाईल. जाऊ द्या. राहिला ढिवरटोला. तिकडं जिकडं वजन पडेल, तिकडं ठराव. अन् टोला तुमच्या शब्दाबाहेर नाही. तापाची साथ आली तवा तुमी तिथंच राहिले होते, ते विसरले नाहीत. तुमी फक्त हो म्हणा. मी माइकवर सांगतो, भंतेजी गावाच्या बाजूनं आहेत. बस."

"मी पण तेच मागायला आले होते," करुणाताई म्हणाल्या. आवाज थोडा पडला होता. "माझ्या बाजूनं."

"मग सांगा ना जी! शाळा कोणाच्या हाती द्यायची? जवळच्याच्या की दूरच्याच्या?"

भंतेंनी हात झटकले.

"दिल्ली कोणत्या बाजूला आहे?"

"काय?"

"दिल्ली. इथून कोणत्या बाजूला?"

हेमराजने ताबडतोब उत्तरेकडे बोट केलं, तुमसरच्या रस्त्याकडे. करुणाताईंनीही तिकडेच केलं. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. पण त्यासाठी दोघांनी सतरंजीवरचा एकेक हात काढला होता. पीळ सुटला आणि पिळलेली सतरंजी मधोमध चिखलात बसली.

"अरे देवा!" करुणाताई म्हणाल्या, आणि भंतेंकडे पाहून जीभ चावली.

तिघंही आम्ही हसलो. मीसुद्धा. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

भंते सतरंजीकडे पाहत नव्हते. त्यांनी हात उचलला आणि दक्षिणेकडे बोट केलं. तिकडे गाव होतं. झाडांतून शाळेची कौलं दिसत होती.

"मी ओसरीवर बसायचो तेव्हा माझी दिल्ली त्या बाजूला होती."

हेमराजचं बोट अजून उत्तरेकडेच होतं. त्याने ते खाली घेतलं.

करुणाताईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद आला. त्या काही बोलणार, तेवढ्यात भंते त्यांच्याकडे वळले.

"आणि ढिवरटोल्यातून, करुणा? आता?"

"ढिवरटोल्यातून..."

त्यांनी तलावापलीकडे पाहिलं. मग हात उचलला. हात रस्त्याकडे निघाला, मध्येच थांबला आणि हळूहळू कौलांकडे वळला. त्यांच्या स्वतःच्या शाळेकडे.

अर्ध्यावर त्यांनी तो मागे घेतला आणि पदराला बोटांचा खडू पुसत राहिल्या.

गावात पुन्हा फटाके वाजले. माइकवर कुणीतरी हेमराजचं नाव पुकारत होतं. वकीलसाहेब जिथे असतील तिथून त्वरित यावे. त्याने गाडीकडे पाहिलं, पण हलला नाही.

"भंतेजी..." त्याचा आवाज आता वकिलाचा नव्हता. "सभा भरली. लोक वाट पाहून राहिले. मी टोल्याचं काय सांगू?"

भंते वाकले. चिखलातली सतरंजी उचलून त्यांनी पुन्हा पाण्यात सोडली.

"टोल्यावर विचारायला अजून कुणी गेलेलं नाही," ते म्हणाले.