मानाचा बोल्ट

वेताळगडच्या महाराजांची मोटार पुन्हा बंद पडली, आणि तीही ऐन दसऱ्याच्या तोंडावर! इंजिनातून फुस्सकन वाफ निघाली, एक बोल्ट उडाला आणि थेट राजवैद्यांच्या पगडीत जाऊन बसला.

"केरबाला बोलवा!" महाराज गरजले.

केरबा लोहार धावत आला. पाठोपाठ त्याची लेक हौसाही आली. केरबानं बोल्टच्या भोकात बोट घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आटे साफ गेले होते. भोकातलेही गेले होते, बोल्टचेही गेले होते.

"पुन्हा?" महाराज ओरडले. "अरे, परवाच दुरुस्त केलास ना?"

खरा घोटाळा कुठे आहे, ते हौसाला पक्कं ठाऊक होतं. वेताळगडात प्रत्येक गोष्टीला मानकरी होते. तोफेला बत्ती द्यायला मानकरी, हत्तीला ऊस भरवायला मानकरी. तसाच मोटारीच्या बोल्टला शेवटचा पीळ द्यायचाही मान होता! केरबानं बोल्ट नीट आवळला की पाना जाई महाराजांच्या हातात. मग दिवाणजी, मग सरनोबत, मग राजवैद्य, असं करत करत पार पिकदाणी धरणाऱ्या हुजऱ्यापर्यंत. जो तो आपली सगळी निष्ठा त्या पान्यावर दाखवी. सरनोबत तर मडगार्डला पाय लावून आरोळी ठोकत आणि मगच पीळ देत!

"सरकार," केरबा चाचरत म्हणाला, "मी पिळून झाल्यावर कुणी हात लावला नाही तर..."

"म्हणजे आम्ही मान सोडायचा?" दिवाणजींच्या मिशा थरथरल्या.

"मग मी ढिला ठेवतो. प्रत्येकानं थोडा थोडा पिळावा."

"मागे ठेवला होतास!" राजवैद्य म्हणाले. "सरनोबतांपाशीच घट्ट झाला. आमच्या वाट्याला काय आलं? आम्ही काय उपरे?"

महाराज हट्टाला पेटले. "ते काही नाही! मला असा बोल्ट हवा, की सगळ्या मानकऱ्यांनी वाटेल तेवढा पिळला तरी त्याचे आटे जाणार नाहीत! आणि दसऱ्याला मोटार शीव ओलांडून परत आली पाहिजे. नाही आली, तर मोटारीला पुढून केरबाला जुंपा आणि त्याच्याकडून ओढून आणा!"

मोटार म्हणजे हत्तीच्या वजनाची, आणि केरबा म्हणजे नुसता काटकुळा!

घरी येऊन त्यानं इमानानं काम केलं. भोक जरासं मोठं केलं, त्यात पितळेचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, घट्ट बसवला, बुशाला आतून नवेकोरे आटे पाडले. नवा बोल्टही घडवला. पण तोंड मात्र एवढंसं झालेलं.

"हेही जाणार, हौसे. सोन्याचे पाडले तरी जाणार. उद्या तुझ्या बापाला मोटारीला जुंपलेला बघशील."

हौसा मात्र तो जुना बोल्ट हातात घेऊन बसली होती. "बा, ह्यो टाकू नगंस हं."

"अगं, त्याचा काय उपयोग? भोकात घातला की नुसता फिरत राहतो."

"नुसता फिरत राहतो ना?" हौसाचे डोळे चमकले. "मग झालं तर! मला भोक पाडलेला एक लोखंडी ठोकळा दे."

दसऱ्याला सगळे जमले. मोटारीच्या पुढच्या मडगार्डवर एक चकचकीत लोखंडी ठोकळा बसवलेला, त्यात एक बोल्ट, बोल्टला हळदकुंकू आणि झेंडूची माळ!

"हा मानाचा बोल्ट, महाराज!" हौसा म्हणाली. "पिळा हवा तेवढा!"

महाराजांनी पाना लावला. बोल्ट फिरला. दिवाणजींनी फिरवला. सरनोबतांनी आरोळी ठोकून गरगरा फिरवला आणि घाम पुसत म्हणाले, "बघा! आमच्या हातानं कसा आवळला!"

"तुमच्यानंतर आम्ही आणखी आवळला!" राजवैद्य म्हणाले. हुजऱ्यानं पिकदाणी खाली ठेवून पाना लावला आणि फिरवता फिरवता म्हणाला, "आता कुठे खरा घट्ट बसला!"

मोटार सुरू झाली. शीव ओलांडली, सोनं लुटलं आणि धडधडत परतही आली. वाफ नाही, फुस्स नाही! महाराज उडी मारून खाली उतरले.

"शाब्बास! पण पोरी, एवढं पिळून याचे आटे गेले कसे नाहीत?"

"जातील कसे, महाराज? ते आधीच गेलेत!"

हौसानं दोन बोटांनी मानाचा बोल्ट उचलला आणि तळहातावर ठेवला.

"फसवणूक!" दिवाणजी किंचाळले. "मग हा बोल्ट करतो तरी काय?"

"काही नाही, दिवाणजी. कशालाच धरून ठेवायचं नाही, म्हणून तर जन्मभर फिरत राहतो, आणि माळाही त्यालाच पडतात."

का कोण जाणे, पण सगळ्यांनी एकदम दिवाणजींकडे पाहिलं.

"आणि इंजिन कुणी धरून ठेवलं होतं?" महाराजांनी विचारलं.

"माझ्या बानं बसवलेल्या बोल्टनं. त्याला अजून कुणी मान दिला नाही, म्हणून तो शाबूत आहे!"

महाराजांना असं हसू फुटलं की त्यांना मोटारीलाच टेकावं लागलं.

"केरबा, आजपासून हा पाना तुझा! दुसऱ्या कुणी इंजिनाच्या बोल्टला हात लावला, तर त्यालाच मोटारीला जुंपीन! आणि पोरी, तुझ्या बापाला आता दरबारात कुठला मान देऊ, बोल!"

हौसा घाईघाईनं पुढे झाली आणि तिनं हात जोडले.

"नको, नको, महाराज! त्याला मान नका देऊ, पगार द्या!"

हसता हसता महाराजांची पगडी खाली पडली. दुसऱ्याच दिवसापासून केरबाला पगार सुरू झाला. हौसाला महाराजांनी हिरवं लुगडं दिलं आणि मोटारीतून घरी सोडलं. मानाचा बोल्ट मात्र मडगार्डवरच राहिला, आणि मानकरी रोज सकाळी येऊन तो मोठ्या निष्ठेनं पिळू लागले.